गहाळ की चोरी?

काही वर्षांपूर्वी लोकलच्या गर्दीत माझा मोबाइल मारला गेला. चौकीतल्या हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब, चोरी लिहिली की कोर्टाच्या फेऱ्या तुम्हालाच. गहाळ लिहू या, सिमकार्डाला तेवढा दाखला पुरतो." मी सही केली. मोबाइल चोराने नेला होता, चोरी मी स्वतःच कागदावरून पुसली.

ही युक्ती खास आपली, असा माझा समज होता. मग इंग्लंडच्या पोलीस तपासणी यंत्रणेचा २०१४ सालचा अहवाल वाचनात आला. तपासनिसांचं काम साधंच होतं. लोकांनी काय कळवलं याच्या मूळ नोंदी काढायच्या, शेजारी गुन्ह्यांची नोंद ठेवायची आणि पहिल्यातलं दुसऱ्यात उतरलंय का ते बघायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच जात नव्हते. म्हणजे वर्षाला आठ लाखांहून जास्त. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के, तर मारहाण आणि हिंसेच्या गुन्ह्यांत ३३ टक्के.

ही यंत्रणा जुनी आहे, १८५६ च्या कायद्याने आलेली. तेव्हा तीन तपासनीस नेमले गेले. ते गावोगावच्या पोलीस दलांची पाहणी करत आणि दल 'कार्यक्षम' असल्याचा दाखला मिळाला, तरच पगार आणि गणवेशाच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारी तिजोरीतून मिळे. १८७४ पासून तो निम्मा झाला. पैशाची नाडी हातात असल्याने शेराही झोंबायचा.

तरीही तपासणारे बहुतेक पोलिसांतलेच. मुख्य तपासनीस म्हणून पोलीस नसलेला पहिला माणूस आला तो थेट २०१२ मध्ये: टॉम विन्सर, पेशाने वकील, आधी रेल्वेचे नियामक. त्यांच्यानंतर २०२२ मध्ये नेमलेले अँडी कुक मात्र पुन्हा मर्सीसाइड पोलिसांचे माजी प्रमुख. बाहेरच्याला आतल्या खाचाखोचा कळत नाहीत आणि आतल्याला त्या खटकत नाहीत. या पेचाला उत्तर कुणाकडे नाही.

२०१७ पासून अग्निशमन सेवाही याच यंत्रणेकडे आल्या. बंब किती मिनिटांत पोचतो हे बघता बघता अग्निशमन केंद्राच्या आतलं वातावरणही तपासलं गेलं. मार्च २०२३ च्या अहवालात इंग्लंडच्या ४४ पैकी ११ सेवांमधल्या कर्मचाऱ्यांनी वंशद्वेषी, समलैंगिकद्वेषी आणि बायकांना हिणवणाऱ्या वागण्याच्या कहाण्या सांगितल्या. आगीत उडी घेणाऱ्या माणसांबद्दल असं वाचायला जड जातं.

आदेश देण्याचा अधिकार मात्र या तपासनिसांना नाही. ते शेरा मारतात, शिफारस करतात आणि अहवाल चारचौघांत ठेवतात. पोलिसांवर देखरेख ठेवायला निवडून आलेल्या आयुक्ताला ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, एवढंच. आणि तरी डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी वर्षभरात सुमारे ८० हजार गुन्हे नोंदले नसल्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा काही दिवसांतच दलाच्या प्रमुखांनी पद सोडलं. लंडनची मेट्रोपॉलिटन पोलीस जून २०२२ मध्ये जादा देखरेखीखाली गेली, ती जानेवारी २०२५ मध्ये सुटली. बोचतो तो अहवालाचा जाहीरपणा. तोच कपाटात ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

आपल्याकडे प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात ती आली. पण प्राधिकरण सहसा तक्रार आल्यावर हलतं. कुणी तक्रार केलेली नसताना ठाण्यात शिरून दप्तर तपासणारं जे काही आहे, ते वरिष्ठांचं वार्षिक इन्स्पेक्शन. त्याआधी आवारातल्या दगडांना गेरू-चुना लागतो, मुद्देमालाच्या खोलीतली धूळ झटकली जाते, रजिस्टरं अद्ययावत होतात. साहेब येतात, पानं उलटतात, शेरा लिहितात.

माझी चोरी त्या पानांत नव्हतीच. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, घडी पडलेल्या एका दाखल्यावर, गोल शिक्क्याखाली 'गहाळ' म्हणून.