टीपीए डेस्कवरचा दिवस

सकाळी ८. रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या डेस्कवर, आल्या आल्या रात्रीत आलेल्या विमा कंपन्यांच्या क्वेऱ्या बघते. 'रुग्णाला मधुमेह कधीपासून?' हा नेहमीचा प्रश्न. जुने केसपेपर मागवल्याशिवाय मी उत्तर देत नाही, कारण वेटिंग पिरियडचा, म्हणजे जुन्या आजाराला विमा लागू होईपर्यंतच्या काळाचा, सगळा हिशोब त्या तारखेवर असतो.

९.३०. "मॅडम, पाच लाखांची पॉलिसी आहे. सगळं कॅशलेस होईल ना?" वडिलांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेला मुलगा मोबाइलवर कार्ड दाखवतो. कार्डावरून एवढंच कळतं की पॉलिसी आहे. ती बघायला मागितली, तर एजंटला फोन लागतो, मग मेल धुंडाळणं. शेवटी ग्राहक माहिती पत्रक सापडलं : खोलीभाडं रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. निवडलेली खोली ८,०००ची.

इथे मी घाई करत नाही, रांग वाढली तरी. कागद घेऊन मांडून दाखवते. खिशातून जाणारे पैसे रोजच्या ३,०००वर थांबत नाहीत. आमच्याकडे खोलीनुसार दर बदलतात, त्यामुळे अशा पॉलिसीत सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, थिएटरचे चार्जेसही त्याच प्रमाणात कापले जातात. ते ८०,००० झाले, तर मिळणार ५०,०००. औषधं आणि इम्प्लांट या कपातीतून सुटतात. वडिलांनी आकडे दोनदा वाचले. "दोघांच्या खोलीत टाका मला," म्हणाले.

११. प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा अर्ज, पाठवलं. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो. मी पाठवल्याची वेळ वहीत लिहून ठेवते.

२. मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेल्या काकू. फ्लोटर आहे, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम. वर्षाच्या सुरुवातीला काकांची अँजिओप्लास्टी याच रकमेतून झाली होती. शिल्लक टीपीएच्या ॲपवर दिसते, पण घरात कुणी पाहिली नव्हती. उरलेले पैसे मोतीबिंदूला पुरतील. पण मुलगा नोकरी बदलतोय, म्हणजे कंपनीची ही पॉलिसी सुटणार. राजीनाम्याआधी आईवडिलांची स्वतंत्र पॉलिसी बघा, असं मी त्यांना निक्षून सांगितलं.

४.३०. डिस्चार्ज. अंतिम बिल गेलं की मंजुरीला ३ तास. त्यापुढे कंपनीमुळे उशीर झाला, तर रुग्णालयाचा वाढीव खर्च कंपनीने सोसायचा. हे नातेवाइकांना माहीत असावं म्हणून प्रत्येकाला सांगते. हातमोजे, डायपर असल्या वस्तूंचे पैसे का कापले, हेही बिलावर पेनने खूण करून दाखवते.

६.३०. क्लेम नाकारल्याचं पत्र घेऊन एक ताई बसून आहेत. कोणत्या अटीवर नाकारलं, ते कंपनीला लिहावं लागतं. ती ओळ आम्ही शोधली. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्याभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. अर्ज लिहायला घेतला आहे. जोडायची इनडोअर पेपर्सची प्रत उद्या रेकॉर्ड रूममधून काढायची.