उचललेली जिप्सी आणि घरी केलेलं स्टीअरिंग

मंडळी, उचललेली जिप्सी खड्ड्यात स्वतःहून का वळते, ते आज. स्टीअरिंग बॉक्स असतो चासीवर, चाकं अ‍ॅक्सलवर. पाटे बदलून चासी ३ इंच वर गेली की दोघांमधली ड्रॅग लिंक तिरकी होते. मग चाक उसळलं की लिंक त्याला बाजूला ढकलते, तुमचे हात स्थिर असले तरी. हाच बम्प स्टीअर.

स्वस्त उपाय म्हणजे खाली उतरलेला पिटमन आर्म. लिंक आडवी होते खरी, पण बॉक्सच्या शाफ्टवर वाकवणारा ताण वाढतो. मला लिंक नकलच्या वरून जोडणं जास्त पटतं.

आर्म गॅसवर तापवून वाकवू नका, पोलादाची ताकद जाते. टाय रॉड कापून मधे वेल्डिंग तर नाहीच नाही! जाड सीमलेस पाइप घ्या, आटे लेथवर पाडून घ्या. बॉल जॉइंटचा टेपर भोकात घट्ट बसला पाहिजे, नटला स्प्लिट पिन हवीच. मग गाडी जॅकवर घ्या, चाकं लोंबकळू द्या, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. काही अडकतंय? ब्रेकची नळी ताणतेय? ब्रेक गेला तर निदान हँडब्रेक असतो, स्टीअरिंगला तसं काहीच नाही.

आणि हो, गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा.