पिल्लाचा पाय वाकडा का झाला?

चार पायांच्या पिल्लाचा फोटो मोबाइलवर फिरू लागला की कोणी त्याला अपशकुन म्हणतं, तर कोणी ‘इंजेक्शनच्या कोंबड्या, दुसरं काय होणार’ असं म्हणून मोकळं होतं. दोन्ही चूक. त्यातलं दुसरं जास्त घातक, कारण ते शास्त्रीय वाटतं.

ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरतो तो निवडक पैदास आणि खाद्य यांमुळे. पायांची संख्या तर अंड्यातच ठरून गेलेली असते. उबवणीच्या 21 दिवसांपैकी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या अंगावर पंखांचे आणि पायांचे कोंब दिसू लागतात. दहाव्या दिवसापर्यंत बोटंही वेगळी झालेली असतात. बाहेर आलेल्या पिल्लाला काहीही टोचलं तरी नवा पाय फुटत नाही. अख्खा जादा पाय दिसतो तेव्हा बहुधा गर्भ अगदी सुरुवातीला अर्धवट दुभंगलेला असतो, म्हणजे जुळं व्हायला निघून मध्येच थांबलेला. चीनमध्ये केएफसीच्या कोंबड्यांना सहा पंख आणि आठ पाय असल्याची अफवा पसरली होती. कंपनीने 2015 साली दावा ठोकला आणि पुढच्या वर्षी शांघायच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

जादा बोटाची गोष्ट वेगळी, आणि फार सुंदर आहे. कोंबडीला सहसा चार बोटं असतात, तीन पुढे आणि एक मागे. पण सिल्की आणि डॉर्किंग या जातींना पाच असतात आणि ती त्यांची ओळख मानली जाते. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला पाच बोटांच्या कोंबड्या उत्तम वाणाच्या मानल्या जातात असं नोंदवतो. बोटं किती आणि कुठे, हे ‘सॉनिक हेजहॉग’ नावाच्या जनुकावर ठरतं. ते चालू-बंद करणारा डीएनएचा एक लहान तुकडा आहे. त्यात बारीकसा बदल झाला की सिल्कीला पाचवं बोट येतं. त्याच तुकड्यातल्या बदलांमुळे फ्लोरिडातल्या हेमिंग्वेच्या घरच्या मांजरांना आणि काही माणसांनाही जादा बोटं येतात. यात रोग नाही, पाप तर नाहीच.

आनुवंशिक दोष मात्र खरोखर घातक असू शकतो. आखूड पायांच्या ‘क्रीपर’ कोंबड्यांत आखूड नर आणि आखूड मादी यांची जोडी लावली, तर सरासरी एक चतुर्थांश गर्भ अंड्यातच मरतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ‘जन्मतःच अधू’ म्हणून आपण जी पिल्लं टाकून देतो, त्यांतली कितीतरी धडधाकट जन्मलेली असतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर सोडलेल्या पिल्लाचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात. पहिल्या एक-दोन दिवसांत खालचा पृष्ठभाग खरखरीत केला आणि दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर मऊ पट्टीने सैलसर बांधले, तर बरीच पिल्लं सरळ चालू लागतात. बोटं आत मुडपून पिल्लू घोट्यांवर बसलं, तर ब-2 जीवनसत्त्वाची, म्हणजे रायबोफ्लेविनची, कमतरता असण्याचा संभव मोठा. वेळेवर दिलं तर सुधारतं. उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान भरून येत नाही. मँगनीज कमी पडलं की घोट्यावरची शीर जागची सरकते आणि तंगडी बाजूला वळते. ती एकदा सरकली की मँगनीज देऊन जागेवर येत नाही, म्हणून खाद्य आधीच सांभाळावं लागतं. कॅल्शियम आणि फॉस्फरस अति झालं तरी मँगनीज अंगी लागत नाही, हे ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून वाटेल तेवढा चुना घालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. पैदाशीच्या कोंबड्यांनाच मँगनीज कमी मिळालं, तर गर्भाचे पाय आखूड व जाड आणि चोच पोपटासारखी होते. तो दोष खरा जन्मजात, तरी त्याचं मूळ आईच्या खाद्यात असतं.

गुराढोरांतही हेच. सांधे आखडलेलं वासरू जन्मलं की ‘ग्रहण पाळलं नाही’ म्हणतात. पण अशा वासरांमागे गाभणपणी झालेला अकाबानेसारखा विषाणूसंसर्ग असू शकतो. तो चावणाऱ्या बारीक माश्यांमुळे पसरतो, सावलीमुळे नाही. आणि वशिंडाजवळ जादा पाय लोंबणारं जनावर दारोदार फिरवून देवाच्या नावाने दक्षिणा घेतली जाते, ते बघवत नाही. तो पाय भार पेलत नाही, नुसता ओढ देत राहतो. पशुवैद्यक शस्त्रक्रियेने तो काढू शकतात.

पिल्लाचा पाय वाकडा दिसला तर ते पहिल्या दिवसापासून तसं होतं की नंतर झालं, एकच होतं की अनेक, आणि त्या दिवसांत खाद्य कोणतं होतं, एवढं लिहून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. दृष्ट काढण्यात दोन दिवस घालवू नका. त्याच दोन दिवसांत पिल्लाचा पाय वाचू शकतो.