फक्त बदललेलंच लिहा

गास गावाच्या शेजारी सोपारा. 1882 मध्ये तिथे पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956 मध्ये भुईगावात नवव्याचा. चौदापैकी बाकीच्या बारांचं काय? ते गिरनारला वाचा. गिरनारचा तेरावा बराच फुटलाय, तो कालसीला वाचा. अशोकाने या लेखांच्या बहुतेक ठिकाणी जवळपास अख्खा संच कोरून घेतला होता!

इन्क्रिमेंटल बॅकअप याच्या अगदी उलट चालतो. रविवारी सगळं उतरवायचं आणि मग रोज रात्री फक्त ‘आज काय बदललं’ तेवढंच. जागा वाचते, वेळ वाचतो. पण शनिवारचा हिशेब परत हवा असेल, तर रविवारपासूनची प्रत्येक रात्र शाबूत लागते. फाइलचे बदललेले तुकडेच साठवत असाल आणि बुधवार खराब निघाला, तर गुरुवारचे तुकडे जोडायचे कशाला?

त्याहून मजा म्हणजे ‘बदललं’ हे ठरतं कसं! आरसिंकसारखा प्रोग्राम एरवी फाइल उघडून बघतच नाही. आकार तोच, तारीख-वेळ तीच, म्हणजे फाइल तीच. आता गासमधल्या एखाद्या फोटोग्राफरने लग्नाच्या फोटोंचा बॅकअप फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ठेवला असं समजा. फॅटमध्ये सेकंदासाठी पाचच बिट असतात, त्यांत 32 आकडे मावतात, साठ नाही. म्हणून ती दोन-दोन सेकंदांनी मोजते. 7 वाजून 10 मिनिटं 31 सेकंदांचा फोटो तिथे 30 सेकंदांचा होतो, आणि नवरीने पापणीही हलवली नसताना तो रोज रात्री ‘बदललेला’ ठरून पुन्हा कॉपी होतो. अर्थात, हे नुसतं वेळखाऊ आहे.

खरी भीती उलट्या बाजूला. डिस्कवर एखादा बिट आपोआप पालटला, तर फोटो बिघडतो. पण आकार आणि वेळ जागच्या जागी. बॅकअपमधलीच प्रत अशी सडली तर ती कधीच दुरुस्त होत नाही, कारण बदल दिसतच नाही.

यावर ‘चेकसम’चा पर्याय आहे. तो दोन्हीकडची फाइल पूर्ण वाचून ताडून बघतो. रात्रभर डिस्क घरघरत राहते. फरक कळतो, मात्र कुजलेली कोणती हे त्याला कळत नाही. मूळच बिघडलं असेल, तर चांगल्या नकलेवर तो इमानेइतबारे बिघाड उतरवतो. म्हणून आधी ‘ड्राय रन’ लावून नुसती यादी काढायची, आणि त्यातले फोटो स्वतः उघडून बघायचे.