वॅटचा आकडा काय सांगतो?

कोल्हापूर-निपाणी परिसराला तंबाखूची ओळख करून द्यावी लागत नाही. विडी, मिश्री, चुन्यासोबत मळलेली चिमूट ही तिची सारी रूपे आपल्या घरांनी पाहिली आहेत. आता मोठ्या शहरातून वा परदेशातून परतलेल्या मुलाच्या बॅगेत एखादी ई-सिगारेट सापडते. ‘हिचे व्होल्टेज, वॅट कमी-जास्त करता येतात, म्हणून ही सुरक्षित,’ असे तो सांगतो. विडी सोडू पाहणाऱ्या वडिलांसाठीही तो तीच सुचवतो. अशा वेळी ‘कोणती घ्यावी?’ या प्रश्नाआधी तो आकडा काय मोजतो, हे जाणून घ्या.

या यंत्रात बॅटरी, तारेचे वेटोळे आणि द्रव असतो. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. तार तापली की द्रवाची वाफ होते. वेटोळ्याचा रोध १ ओहम असेल, तर ३.७ व्होल्टला सुमारे १४ वॅट आणि ४.८ व्होल्टला सुमारे २३ वॅट शक्ती मिळते. व्होल्टेज तीस टक्क्यांनी वाढले, तरी उष्णता जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढते. वॅट ठरवता येणारे यंत्र रोध स्वतः मोजून व्होल्टेज जुळवते, एवढाच फरक.

वॅट वाढवले की वाफ वाढते आणि प्रत्येक झुरक्यासोबत अधिक निकोटीन शरीरात जाते. वात कोरडी पडून द्रव करपला, तर फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन यांसारखी घातक द्रव्ये तयार होतात. फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगकारक आहे. वॅट कमी केले, तर निकोटीनची सवय जडलेला माणूस नकळत अधिक आणि दीर्घ झुरके घेतो. आच मंद केली, म्हणून भांड्यातले निकोटीन नाहीसे होत नाही.

जळत्या सिगारेटमधील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड या वाफेत नसतात, हे खरे. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांना ई-सिगारेटचा पर्याय सुचवला जातो. परंतु तेथे निकोटीनला दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चोरट्या मार्गाने आलेल्या बाटलीत काय आहे, याची हमी कोणीही देत नाही.

घरात लहान मूल असेल, तर अधिक सावध राहा. फळांच्या वासाचा हा द्रव पोटात गेल्यास विषबाधा होते. तसे घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा.

मग वडिलांनी काय करावे? वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्टी वापरता येते. मात्रा ठरलेली असते आणि ती टप्प्याटप्प्याने उतरवता येते. कुटुंबाच्या डॉक्टरांशी किंवा सीपीआर रुग्णालयातील डॉक्टरांशी बोला. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य समुपदेशन मिळते.

मुलावर मात्र संतापू नका. दिवसाचा पहिला झुरका तो केव्हा घेतो, हे शांतपणे विचारा. डोळे उघडताच हात यंत्राकडे जात असेल, तर सवय खोल रुजली आहे, असे समजा. त्या उत्तरातून तुम्हाला जे कळेल, ते यंत्राच्या पडद्यावरचा कोणताही आकडा सांगणार नाही.