लसीचे श्रेय : लेखांक चौथा – शांबर्लांची बाटली

गेल्या लेखांकात बेंजामिन जेस्टी या इंग्लिश शेतकऱ्याची हकीकत आपण पाहिली. देवीची लस रूढ करणाऱ्या जेनरच्या आधी २२ वर्षे त्याने आपल्या बायकामुलांस गाईच्या देवीचा पू टोचला होता. परंतु जेनरने त्याचे काही उचलले, असा आरोप कोणी करीत नाही. आजचे प्रकरण इतके सरळ नाही.

आँरी तूसाँ हा तुलूझ येथील पशुवैद्यक विद्यालयातील तरुण प्राध्यापक. काळपुळीच्या साथीने फ्रान्सच्या मेंढपाळांस दरसाल नागविले असता, या रोगापासून मेंढरांस अभय देणारी कृती आपणांस सापडली आहे, असे त्याने जुलै १८८० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविले. कृती मात्र मोहोरबंद लखोट्यात ठेवली, आणि तो लखोटा ऑगस्टात उघडला गेला. रोगट मेंढीचे रक्त ५५ अंशांवर १० मिनिटे तापवावे व तेच टोचावे, एवढाच काय तो मजकूर. पुढे उष्णतेऐवजी कार्बॉलिक आम्लही त्याने वापरून पाहिले. अल्फोर येथील त्याच्या प्रयोगात २० पैकी ४ मेंढ्या टोचणीनेच दगावल्या, पण वाचलेल्या १६ नंतर काळपुळीस बधल्या नाहीत.

लुई पाश्चर त्या वेळी सुटीवर होता. जिवंत सूक्ष्मजंतू हवेतील प्राणवायूने हळूहळू दुर्बळ करावा, तरच लस सिद्ध होते, असा त्याचा सिद्धान्त असल्यामुळे, तापविलेल्या रक्ताने तेच कार्य साधावे, हे त्यास पटण्यासारखे नव्हते. त्याने तूसाँची कृती आपल्या सहायकांकडून ताबडतोब पडताळून घेण्याची तजवीज केली. आणि फेब्रुवारी १८८१ मध्ये, ४२-४३ अंशांवर हवेत वाढविलेल्या जंतूंची आपली स्वतःची लस जाहीर केली.

मग रोसिन्योल नावाच्या पशुवैद्याच्या पुढाकाराने मलँनजीक पुयी-ल-फोर येथे जाहीर परीक्षा ठरली. ४८ मेंढ्या व २ शेळ्या. त्यांतील निम्म्यांना ५ व १७ मे रोजी लस, आणि ३१ मे रोजी सर्वांना जहाल जंतू. २ जूनला दुपारी दोनच्या सुमारास पाहुणे आवारात जमले, तेव्हा लस टोचलेली जनावरे सगळी उभी होती, आणि न टोचलेल्यांपैकी २१ मेंढ्या व शेळी मरून पडली होती. दोन मेंढ्या सर्वांदेखत कोसळल्या, आणि उरलेली एक दिवस संपण्यापूर्वी गेली. इतका निर्विवाद निकाल विज्ञानाच्या दरबारात क्वचितच लागतो.

परंतु त्या दिवशी जिंकली ती लस प्राणवायूची नव्हती. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबर्लां याने पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने दुर्बळ केलेले जंतू लसीच्या बाटलीत होते, म्हणजे रासायनिक उपायाची ती वाट तूसाँच्याच बाजूस जाणारी होती. पाश्चरने हे जाहीररीत्या सांगितले नाही. ऐकणाऱ्यांनी प्राणवायूचीच लस समजावी, असे त्याने होऊ दिले. त्याचा भाचा आद्रियाँ लुआर याने १९३० नंतरच्या दशकात आठवणी लिहिताना हे गुपित फोडले, तरी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पाश्चरच्या नातवाने १९६४ मध्ये प्रयोगवह्यांचे दप्तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिले, आणि अभ्यासकांनी पाश्चरच्या हस्ताक्षरावरूनच रुजुवात केली. १९९५ मध्ये जेराल्ड गायसन या इतिहासकाराच्या ग्रंथाने मोठी खळबळ उडाली.

तथापि पाश्चरने चोरी केली, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. तूसाँच्या कृतीची शाश्वती नव्हती, हे अल्फोरच्या ४ मेंढ्यांनीच दाखविले होते. आणि आपल्या लसीतील जंतू मेलेले नसून केवळ दुर्बळ झालेले असावेत, हे तूसाँनेही मान्य केले. शिवाय बाजारात पुढे जी लस खपली, ती प्राणवायूचीच. दोष आहे तो मौनाचा. हाच पाश्चर सरकारी बहुमान स्वीकारण्यापूर्वी, शांबर्लां आणि रू या माझ्या सहायकांना आधी मानपदक द्या, असा हट्ट धरून बसला होता. आपल्या माणसांविषयी इतका उदार असलेला गृहस्थ तुलूझच्या प्राध्यापकासाठी एक वाक्य खर्चू शकला नाही, याचे मला अद्याप नवल वाटते. तूसाँ मज्जाविकाराने खंगत जाऊन १८९० मध्ये, ४३ व्या वर्षी वारला.

१८९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस सिद्ध केली, ती जंतू उष्णतेने मारून व कार्बॉलिक आम्ल घालून. हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेला. साधने मात्र तूसाँची. त्याच कार्बॉलिक आम्लावरून, पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ मध्ये झालेल्या १९ मृत्यूंचा ठपका हाफकिनवर कसा आला, ते प्रकरण पुढील लेखांकी घेऊ.