खाडीपलीकडचे वांद्रे

मुंबईच्या पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे जाताना माहीम स्टेशन सुटले, की गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते आणि लगेच वांद्रे येते. काही लोक या उपनगराला बांद्रा म्हणतात. हे नाव ‘बंदर’ या शब्दावरून आले असावे, असे मानले जाते. उर्दूत नुसते ‘बंदर’ म्हटले, तर तुमच्या डोळ्यांसमोर माकड उभे राहील! पण ‘बंदरगाह’ हा शब्द तुम्ही वाचला आहे ना? त्यातला ‘बंदर’ फारसी आहे. मराठीतही जहाजे थांबण्याच्या जागेला बंदरच म्हणतात.

पूर्वी वांद्रे मुंबईत नव्हते. ते साष्टी या वेगळ्या बेटाचे दक्षिण टोक होते. येथे कोळी मासेमारी करत आणि शेतकरी भात पिकवत. १५३४ साली हा भाग पोर्तुगिजांकडे गेला. १५७५ साली बांधलेले सेंट अँड्र्यू चर्च आणि १६४० सालचा समुद्रकाठचा किल्ला त्या काळाची आठवण देतात. किल्ल्याचे नाव आग्वाद. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ गोडे पाणी भरून घेण्याची जागा असा आहे. पुढे मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि १७७४ साली ती इंग्रजांनी घेतली.

मुंबई जवळ होती, तरी मध्ये खाडी होती. नावेशिवाय पलीकडे जाता येत नसे. पावसाळ्यात वारा सुटला, पाणी खवळले, की ही छोटी वाट जिवावर बेतत असे. मासे विकणारी बाई असो की श्रीमंत व्यापारी, नाव दोघांना सारखीच हेलकावे देई. खाडीत भराव घालून रस्ता बांधावा, अशी मागणी होऊ लागली. पण पैसा कोण देणार? तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी १,५७,००० रुपये दिले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. मात्र त्यांची एक अट होती : या रस्त्यावरून जाणाऱ्यांकडून सरकारने कर घेऊ नये. १८४५ साली रस्ता खुला झाला. तोच माहीमचा कॉजवे. माहीममधील लेडी जमशेटजी रोड याच आवाबाईंच्या नावाचा आहे.

२००९ साली वांद्रे ते वरळी असा समुद्रावरचा पूल सुरू झाला. त्याची लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर आहे. तेथे मोटारींना टोल द्यावा लागतो आणि पायी जाणाऱ्यांना प्रवेशच नाही. कॉजवेवरून मात्र आजही कोणीही चालत जाऊ शकतो.

कॉजवेनंतर रेल्वे आली. १८६७ साली विरारहून मुंबईला जी पहिली उपनगरी गाडी सुटली, ती वांद्र्यालाही थांबत असे. १८७६ साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा मोकळ्या हवेसाठी अनेक कुटुंबे इकडे राहायला आली. प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून ख्रिस्ती लोकांनी गल्लीगल्लीत उभारलेले क्रूस अजूनही दिसतात. १९५० साली वांद्रे मुंबई महानगरपालिकेत सामील झाले.

येथे सर्व धर्मांचे लोक राहतात. स्टेशनजवळचे मोठे तळे नवपाड्यातील एका सधन कोकणी मुसलमानाने बांधले होते. आज त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच जातात. रेल्वेच्या पूर्वेला साहित्य सहवास ही मराठी लेखकांची वसाहत आहे. कवी विंदा करंदीकर तेथे राहत. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांचे बालपणही तेथेच गेले. त्यांचे वडील मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते.

जुने वांद्रे पाहायचे असेल, तर हिल रोडवरून रणवार गावठाणात वळा. लाकडी जिने, कौलारू छपरे आणि रस्त्याला लागून असलेले व्हरांडे तेथे दिसतील. अशी घरे दर वर्षी कमी होत आहेत. जागेला फार मोल आल्यामुळे मालक घर विकतात आणि तेथे उंच इमारत उभी राहते. म्हणून पाहायला जायचे तर लवकर जा, आणि पायीच जा. त्या गल्ल्या मोटारींसाठी बांधलेल्या नाहीत.